आमच्या घरातलं खारं पाणी

आमचे हे फौजेतून कायमचे घरी आले तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि शिंपले जास्त होते. नोकरीची शेवटची वर्षं अंदमानात गेली होती. आमचं रान कवठे महांकाळच्या पुढं, शाळू-बाजरीचं. माझ्या सासूबाईंनी तर मरेपर्यंत समुद्र बघितला नाही. पण घरापुढचा हमरस्ता मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरून थेट रत्नागिरीला जातो. ह्यांच्या डोक्यात तो रस्ता एकदा बसला, तो बसलाच.

बाहेरच्या खोलीत काचेची मोठी टाकी आली. दुकानातले रंगीत मासे त्यांना नको होते. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत मागे राहतात ते जीव आणायचे, असं ठरलं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांब ओसरतं. त्या दिवशी आम्ही सकाळीच निघायचो, संध्याकाळच्या ओहोटीला खडकांवर. मी लुगडं खोचून मागं. पहिल्यांदा शेवाळावरून घसरले आणि गुडघा फोडून घेतला, तेव्हा म्हणाले, पुढच्या खेपेला कॅनव्हासचे बूट घाल. बूट घालूनही मी घसरायचीच.

ह्यांचे नियम फौजी होते. दगड उलटला की होता तसा परत ठेवायचा, कारण खालच्या जिवांचं ते छप्पर. पोवळ्याला हात लावायचा नाही, ते कायद्यानंही बंद. एका जागेवरून एकच. असं करत बोटाएवढे मासे आले, गोगलगायी आल्या, दुसऱ्याचा शंख पाठीवर घेऊन हिंडणारे खेकडे आले. एकदा एका सुट्या दगडावर समुद्रफूल मिळालं. जीवच तो, पण दिसायला फूल, आणि बोट लागलं की मूठ मिटावी तसा मिटतो. घाटात प्रत्येक वळणावर मी ती बादली मांडीत धरून बसले होते. पोरं लहान असतानासुद्धा एवढ्या जपणुकीनं प्रवास केला नव्हता.

समुद्राचं पाणीही कॅन भरभरून आणायचो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडायचं आणि मीठ मागं राहायचं, म्हणून वरून रोज गोडं पाणी घालावं लागे. टँकरचे दिवस होते. शेजारचे एक काका दारात उभे राहून म्हणाले, "मेजर, हितं माणसांस्नी पाणी न्हाई आन् तुमी खेकड्यांस्नी पाजताय व्हय?"

हे दुसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड आंघोळ करायला लागले. मी चिडले, तर म्हणाले, "अगं, मी आणलंय त्यांस्नी. ती आपल्या पायांनी आली न्हाईत."

चैत्रात एका सकाळी ते टाकीवर वाकून खायला टाकत होते. हातातली डबी पडली. उचला की, म्हणाले मी चुलीपासूनच. ते उचलत नव्हते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात लोंबत होता.

मिरजेच्या दवाखान्यात बरेच दिवस गेले. किल्ली जाऊबाईंकडं होती. त्या रोज यायच्या, मी सांगितलेलं चिमूटभर खाणं टाकायच्या. त्यात वादळानं गावाकडचे खांब पाडले, वीज गेली ती लवकर आलीच नाही. हवेचा पंप बंद पडला, इन्व्हर्टरही संपला. मी कपडे न्यायला घरी आले, तर जाऊबाई ओसरीवर बसून रडत होत्या. आत वास भरला होता. समुद्रफूल विरघळून चोथा झालं होतं आणि त्यानं सगळं पाणी नासवलं होतं. मासे वर तरंगत होते. खेकडे शंख सोडून बाहेर येऊन मेले होते. ते शंखाबाहेर इतके लहान असतात हे मला माहीत नव्हतं. जाऊबाईंना मी एवढंच म्हणाले की तुम्ही काय करणार होता, वीज का तुमच्या हातात होती?

दवाखान्यात गेल्यावर ह्यांनी डोळ्यांनीच टाकीचं विचारलं. आतापर्यंत रोज विचारायचे आणि मी रोज सगळं ठीक आहे म्हणून मान हलवायची. त्या दिवशी मी त्यांचा चांगला हात धरला आणि सगळं सांगितलं. ते मग जड जिभेनं, एकेक शब्द उचलत म्हणाले, "पाणी... रानात... टाकू नको. मीठ हाय."

त्या पाण्याचं काय करायचं, हे कुणालाच कळेना. शेवटी पुतण्यानं ते कॅनमध्ये भरून घराच्या मागं ठेवलं.

दिवाळीनंतर ते काठी धरून चार पावलं टाकायला लागले. तेव्हा पुतण्याला गाडी चालवायला घेऊन आम्ही रत्नागिरीला गेलो. कॅनही नेले आणि समुद्रात रिकामे केले. खडकांवर ह्यांना उतरता येणार नव्हतं. गाडी वरच्या रस्त्याला उभी केली, दार उघडं ठेवलं आणि मी एकटी खाली गेले. ते वरून बघत होते. मी दगड उलटला, परत ठेवला. दुसऱ्या दगडाखाली एक शंख चालताना दिसला. प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट घेऊन मी चढ चढून वर आले.

डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताचं बोट पाण्यात घातलं. खेकडा लगेच आत गेला. आम्ही वाट बघत बसलो. डबा हलू नये म्हणून ते दोन्ही गुडघे आवळून धरायचा प्रयत्न करत होते, पण उजवा पाय ऐकत नव्हता आणि पाणी हिंदकळतच होतं. खेकडा बाहेर येईना.

"नेऊया का घरी?" मी विचारलं. "टाकी धुऊन ठेवलीय. आवं, मी करीन सगळं."

त्यांनी नको म्हणून मान हलवली. "ठेव तितंच."

मी परत खाली गेले. पाणी चढायला लागलं होतं, तो दगड मला सापडला नाही. जवळच्याच एका डबक्यात मी डबा वाकडा केला. वर आले तेव्हा त्यांनी दार ओढून घेतलं होतं आणि काचेला डोकं टेकवून डोळे मिटले होते. झोपले नव्हते. घाट चढून कोल्हापूर येईपर्यंत रिकामा डबा माझ्या मांडीतच होता.