लावलेलं फाटक

आमच्या अंगणातलं बाकडं रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचं आहे. ऊन तापलं की त्याला अजून डांबराचा वास सुटतो आणि मी हिंगोलीबाहेरच्या त्या फाटकाशी जाऊन उभा राहतो.

मीटरगेजची गाडी बंद होऊन काही महिने झाले होते. मी शाळेत इतिहास शिकवायचो. निजामाच्या काळातली ही लाईन उखडायच्या आत बघून घ्यावी म्हणून सायकल घेऊन रुळाकडेनं निघालो होतो. खडीत चाक रुतायला लागलं तसा शेजारच्या कच्च्या रस्त्याला लागलो, तर पुढं रूळ ओलांडायच्या जागी फाटक लावलेलं. रुळांवर गंज, मधे गुडघाभर तरोट्याचं रान. बदलीच्या ऑर्डरची वाट बघत, पिकल्या मिशांचे फाटकवाले मामा खाटेवर बसलेले.

"मामा, गाडीच न्हाई, मग फाटक काहून लावलं?"

"गाडी व्हती तवा धा मानसं थांबायची, बोलायची. आता उघडं ठेवलं तर कोन थांबतंय? बसा, पाणी देतो."

मला हसूच आलं. उशीर होतोय म्हणत मी फाटकाखालून सायकल काढली. वळून पाहिलं, तर मामा तांब्या घेऊन तसेच उभे होते.

आता या घरात मी एकटाच असतो. काल कुरिअरवाला आला. सहीसाठी चष्मा आणतो म्हणून आत गेलो. चष्मा खिशातच होता. तरी खोलीभर शोधत राहिलो आणि आतूनच म्हणालो, "बसा ना, पाणी देतो."