सूज उतरल्यावर

आईवडील गेल्यावर धाकट्या बहिणीला दादानंच लहानाचं मोठं केलं. लोकांचे केस कापून त्यानं तिला शिक्षिका केलं. एका सकाळी वर्गात तिला शब्द सापडेनात. दवाखान्यात पोचेपर्यंत ती त्यालाच चोर समजून ओरडायला लागली.

"मेंदूला सूज आलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतू नाहीत. शरीराच्या रक्षक पेशी संकटात विशिष्ट रेणू सोडून एकमेकींना निरोप धाडतात. हिच्या मेंदूत ते निरोप थांबतच नाहीत, म्हणून त्या आपल्याच घरावर तुटून पडल्यात."

"मग थांबवा ना ते निरोप!" तो रडकुंडीला आला.

औषधांनी ते थांबवले. सूज उतरली, बहीण घरी आली. पण तोवर मेंदूतलं जे गेलं, ते गेलंच.

आरशासमोर खुर्ची टाकून त्यानं तिचे वाढलेले केस कापले. ती डोळे मिटून शांत बसली होती. मग आरशात बघून हसली.

"हात हलका आहे हो तुमचा. पुढच्या वेळीही तुमच्याकडेच येईन."

जन्मभर तिला "ए वेडाबाई" म्हणणाऱ्या दादानं तिच्या खांद्यावरचं कापड काढून झटकलं.

"या की, ताई," तो म्हणाला, आणि आरशात चेहरा दिसू नये म्हणून वाकून जमिनीवरचे केस गोळा करत राहिला.