तिकिटाचा रंग

मलकापुरातल्या लग्नाच्या बँडमधला म्हातारा ट्रंपेटवाला सांगायचा, "मुंबईले जाऊन जॅझचा तो अमेरिकन बादशहा आयकला म्या. थकला होता बिचारा. उंच सूर आला का ट्रंपेट खाली घे, रुमालानं तोंड पुसे अन् हासे."

मला ही थापच वाटे. तिकिटाचा रंग विचारला की दर खेपेला वेगळा सांगायचा. शिवाय हल्ली वरातीत उंच सूर आला की हाही अगदी तसंच करी.

परवा एका वरातीत मी चिडलोच. "काऊन नक्कल करता, काका? वाजवा ना!"

हसत त्यानं तो सूर पुरता वाजवला. मग तोंड पुसून रुमाल घाईनं खिशात कोंबला. तेवढ्यात मला त्यावर फुटलेल्या ओठाचं रक्त दिसलं.

तिकिटाचा रंग मी पुन्हा विचारला नाही.