खिळेमामाच्या अंगातली बुरशी
तोंडात खिळे धरून बोलायची सवय, म्हणून सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली खिळेमामा म्हणायची. लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीकडेच राहायचा. दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा ताईनेच आपली एक दिली. "लहानपणी माझ्या वाटचं सगळं हादडायचास, आता हेही घे," म्हणत ती ऑपरेशनला गेली.

परकी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून तो रोज गोळ्या घ्यायचा. त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबून राहायची. धूळ टाळा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण धुळीशिवाय जुना सोफा उघडतो कुठे? एकदा त्याने तळघरात भिजून पडलेला सोफा फाडला. आतला स्पंज हिरवाकाळा झाला होता. पुढे खोकला लागला, मग ताप. बुरशी फुप्फुसातून रक्तात उतरली होती.

सलाइनमधून बुरशीवरचं औषध सुरू झालं, तरी ताप हटेना.

"नुसत्या औषधाने भागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जोडीला प्रतिकारशक्ती वाढवणारी इंजेक्शनं देऊन बघू. पण ती जागी झाली तर किडनीवरही उठू शकते."

"म्हणजे राखणदाराला उठवायचं, आणि तो घरच्यांनाच बडवणार?"

"बडवेलच असं नाही. पण भीती आहे."

"मग नको. ती ताईची आहे."

ताई ताडकन उठली. "दिलेलं परत मागणारी वाटले का रे मी तुला? द्या हो इंजेक्शन."

ताप उतरला. रक्ताची तपासणी स्वच्छ आली. खिळेमामा उठून बसला. त्याने नर्सच्या स्टुलाची फाटकी गादी मागून घेतली आणि घरून सुई आणवून शिवून दिली. "पैसे नकोत, एक इंजेक्शन कमी टोचा," म्हणाला. अख्खा वॉर्ड हसला. ताई ज्या लाँड्रीत इस्त्री करायची, तिथल्या बायकांना तिने सांगून टाकलं, भाऊ घरी येतोय म्हणून.

मग त्याचे पाय सुजले, लघवी बंद झाली. किडनी गेली. इंजेक्शनं थांबवून डायलिसिस लावलं, पण तोवर डोकं दुखायला लागलं होतं. रक्तातून हटली तरी बुरशी मेंदूत शिरली होती. तो माणसं ओळखेना. एका दुपारी ताईचा हात धरून म्हणाला, "आई, ताईला सांगू नकोस. तिने दिलेलं माझ्या हातून मोडलं."

"नाही सांगत," ताई म्हणाली.

त्याच आठवड्यात तो गेला.

"मी इंजेक्शनला नाही म्हटलं असतं तर?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"खरं सांगू? मलाही माहीत नाही."

ताईने मान हलवली. पलंगाखालच्या त्याच्या चपला पिशवीत घातल्या. घरी जाववेना, म्हणून ती तशीच लाँड्रीत गेली आणि चादरींना इस्त्री करत राहिली.