दगुभाऊंच्या विमानाची ठिणगी

किस्से कोणी मुद्दाम जमवीत नाही. लूमच्या शेडमध्ये सुताची लव छपराला साठावी तसे ते आपोआप साठतात. आमच्या मंडळींत सांगितल्या जाणाऱ्या किश्श्यांत हसे बहुधा माझेच होते. इतरांनी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेले बरे. निदान वाक्ये तरी नीट होतील.

दगुभाऊ गुजराती मुलखातल्या डिंडोलीचे, मूळचे खानदेशातले. चाळीस वर्षे त्यांनी लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त केले आणि निवृत्तीनंतर भेस्तानच्या एका बंद शेडमध्ये दोन आसनांचे विमान बांधले. इंजिन भंगारातल्या जुन्या मोटारीचे, रोटरी. म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी चाक फिरणारे. ठिणगीच्या यंत्रणा दोन, स्वतंत्र. हवेत एकीने दगा दिला तर दुसरीने माणूस सुखरूप उतरावा. या ठिणगीचे दुखणे काही संपेना. वायरिंगला रमेशभाई, गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. आणि मी, मराठी शाळेतला निवृत्त शिक्षक, नोंदवही लिहायला.

*

वायरींना चिठ्ठ्या लावायचे ठरले. मी ‘अग्रस्फुलिंगवाहिनी’ आणि ‘अनुस्फुलिंगवाहिनी’ अशा सुवाच्य चिठ्ठ्या लिहिल्या. ‘पहिली’ आणि ‘दुसरी’ हे मला पोरकट वाटले होते. रमेशभाईंनी त्या पाहिल्या, मान डोलावली आणि वायरी लांबीच्या अंदाजाने जोडल्या. इंजिनाने असा बार काढला की शेजारच्या शेडमधली माणसे सिलिंडर फुटला म्हणून रस्त्यावर आली.

रमेशभाई शांतपणे गुजरातीत म्हणाले, “गुरुजी, आटलुं लांबुं नाम वांची रहीए त्यां सुधीमां तो विमान मुंबई पोंची जाय.” इतके लांब नाव वाचेपर्यंत विमान मुंबईला पोचेल म्हणे.

दुसऱ्या दिवशी तिथे लाल आणि पिवळी टेप होती. चिठ्ठ्या मी गुपचूप खिशात घातल्या.

*

पुढे इंजिन तापले की अडखळू लागले. तीन दिवस मी ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलवर संशय घेतला आणि वहीत कारणमीमांसेची दोन पाने भरली. चौथ्या दिवशी रमेशभाईंनी एका वायरीवरची टेप सोडवली. आत तुटलेल्या तारेची दोन टोके चक्क विणकरी गाठीने बांधलेली! सूत असते तर ती गाठ ताग्यात दिसलीही नसती.

दगुभाऊ आपल्याच हाताकडे पाहत राहिले. “मना हातले चाळीस वरीसनी सवय शे, भो. तुटनं की बांध.”

सर्वांत मोठ्याने मीच हसलो. तेव्हा रमेशभाईंनी आठवण करून दिली की टेप गुंडाळताना ती तार मी धरली होती. खरेच होते. गाठ मी पाहिली होती, वाखाणलीही होती.

*

दसऱ्याला वहिनींनी, म्हणजे दगुभाऊंच्या पत्नीने, इंजिनाची पूजा मांडली. पौरोहित्य माझ्याकडे. मंत्र म्हणत मी प्रत्येक भागावर आंब्याच्या पानाने पाणी शिंपडायला लावले, आणि कॉइलला ओल्या कुंकवाचे ठळक बोट. इंजिन सुरू होईना. मी तापीवरच्या दमट हवेला दोष दिला. रमेशभाईंनी दिवा मालवून दाखवले: ठिणगी प्लगपर्यंत न जाता कुंकवाच्या ओघळावरून खाली पळत होती.

वहिनी हळूच म्हणाल्या, “गुरुजी, देव इतला तहानेला नही राहस.”

*

इथवरचे मी हसत सांगतो. यापुढचे हसत सांगता येत नाही.

दर वेळी इंजिन फिरत असताना एक तपासणी असे. एका यंत्रणेचा स्विच बंद करायचा. दुसरीवर इंजिन चालत राहिले पाहिजे, वेगाचा काटा किंचित उतरला पाहिजे. मग पहिला पुन्हा चालू करून दुसरीचा स्विच. दगुभाऊंचे हात ब्रेक आणि थ्रॉटलवर गुंतलेले, म्हणून हे काम शेजारच्या आसनावर बसणाऱ्या माझे. मला त्या आवाजाची भीती वाटे. काही बंद केले तर काय होईल याचीही. मी स्विचवर नुसते बोट ठेवी आणि वहीत लिही: ‘घट अल्प. समाधानकारक.’ असे मी किती वेळा लिहिले, ते मोजायचे धाडस मला अजून झालेले नाही.

परवानगी आली. हजिऱ्यापलीकडच्या एका खाजगी धावपट्टीवर पहिले उड्डाण ठरले. दगुभाऊ एकटेच बसले, इंजिन सुरू केले आणि मला जवळ बोलावून म्हणाले, “गुरुजी, स्विचना शेवटला आकडा काय व्हता? तुमी सांगा, मंग मी निघस.”

वही माझ्या हातात होती. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, “दगुभाऊ, मी ते स्विच कधी बंद केलेच नाहीत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग पहिला स्विच स्वतः बंद केला. इंजिन तिथल्या तिथे थांबले. दुसरी यंत्रणा कधीपासून मेलेली होती, कोणास ठाऊक.

रमेशभाई, वहिनी, सगळे धावत आले. काय झाले, विचारू लागले. दगुभाऊ हेल्मेट काढत म्हणाले, “काही नही. गुरुजींनी फॉल्ट पकडा.”

पुढच्या रविवारी डिंडोलीतल्या खानदेशी मंडळाने माझा सत्कार ठेवला. दगुभाऊंचा जीव वाचवल्याबद्दल. वहिनींनी डोळे पुसत मला ओवाळले. शाल दगुभाऊंनी स्वतः घातली, नारळ दिला आणि माइक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “बोला, गुरुजी. जसं व्हयनं तसं.”

मी वीस मिनिटे बोललो; स्विचचे तेवढे सांगितले नाही. भाषण निर्दोष झाले. सर्वांत आधी टाळ्या दगुभाऊंनी वाजवल्या.