साहेबांची पिसांची रजई

आमच्याकडे रजई धूत नसत. टाके उसवायचे, कापूस पिंजाऱ्याकडे द्यायचा आणि नुसती खोळ धुवायची. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात घरोघरी हेच. म्हणून बाबांनी साहेबांच्या बंगल्यावरून धुवायला आणलेल्या विलायती रजईचे टाके आईने अंगणात बसून कातरले.

आत बदकाची पिसे होती. ती भसकन उधळली, ओल्या भिंतीला, आईच्या केसांना चिकटली. आई हसत सुटली. "पाखरूच कापलं वं मी," ती मला म्हणाली. तेवढ्यात बाबा जेवायला घरी आले.

बाबा कारकून, सात वर्षे कच्चे. त्यांना कायम करायचा कागद याच साहेबांच्या टेबलावर पडून होता.

"काहून उसवली?"

"मले वाटलं, कापूस हाय."

"रजई नाही, माझी नोकरी उसवली तू."

त्यांनी कपडे धुवायची मोगरी उचलली. पहिला घाव आईच्या पाठीवर बसला. दुसरा तिने हातावर झेलला आणि मनगटाचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिसऱ्याआधी मी मोगरी हिसकली आणि होती नव्हती ती ताकद लावून त्यांच्या खांद्यावर हाणली. ते पिसांतच कोसळले.

"पुन्हा मारसान तं डोक्यात घालीन," मी म्हणाले.

मी तेव्हा कॉलेजात होते, मजुरांची पत्रके वाटत फिरायची. मालकाचा उगारलेला हात धरा, असे त्यांत असे. घरातल्या मालकाबद्दल एक ओळ नव्हती.

"बापाले मारतं काय वं?" आई मोडका हात पोटाशी धरून म्हणाली. "आधी पिसं गोळा कर."

मी केली. मोगरी हाणल्याची मला आजही लाज नाही, तेव्हा पिसे गोळा करत बसल्याची आहे. आईचा हात हाडवैद्याने बांबूच्या कामट्यांत आवळला. मी रजई शिवली, साबणाच्या पाण्यात बुडवली, पायाने दाबून पाणी काढले. पिसांचे गोळे झाले, ओल्या कोंबडीसारखी घाण सुटली. चार दिवस मी ती उन्हात उलटत होते, गोळे बोटांनी फोडत होते, दात आवळून थापटत होते. प्रत्येक थापेला मला बाबांची पाठ दिसे. पाचव्या दिवशी रजई फुगली.

बंगल्यावर बाबांसोबत मीच ती घेऊन गेले. साहेब व्हरांड्यात चहा पीत होते. मेमसाब रजई गालाला लावून म्हणाल्या, "बिलकुल नई जैसी. किसने धोई?"

"मैंने," मी म्हणाले. "माँ का हाथ बाबूजी ने तोड़ दिया, इसी के लिए."

मेमसाब रजईकडे बघत राहिल्या. साहेबांनी कप खाली ठेवला. "घर की बात घर में रखो, बेटी," ते म्हणाले.

परतताना बाबा म्हणाले, "माझी इज्जत घेतली तू."

"हौ," मी म्हणाले.

आठवड्याने कागदावर सही झाली. बायकोचा हात मोडल्याने कुणाची नोकरी जात नव्हती.