चादरीवरचा दादा

नान्तेझाचा विश्वास म्हणून कुणावर नसे. पाणवठ्यावर कुणी घागर उचलायला हात लावला तरी विचारणार, "का गं, आज एवढा पुळका कशाला?" मग तीन पायांच्या तिकाटण्यावर डबा ठेवून गावोगाव हिंडणारा गोरा तिच्या अंगणात उभा राहिला, तेव्हा तिचं पित्त खवळलं यात नवल ते काय!

"हौस आहे त्याला. हलती चित्रं काढतो," सोबतचा शिपाई कायोंडो म्हणाला. "तू आपली केळी सोलत बस."

"हौस? एवढ्या उन्हात? खुळी समजतोस का मला?"

सडकेच्या बिगारीवर मुकादमाचं डोकं फोडून पळालेला तिचा थोरला भाऊ, लुबोवा, घरामागच्या केळीच्या बागेत दडला होता. गावाला ठाऊक होतं. गाव गप्प होतं. नव्यानं आलेल्या कायोंडोनं त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, एवढंच नशीब.

नान्तेझा बागेच्या वाटेवरच फतकल मारून बसली. गोरा डब्याची मूठ फिरवत राहिला. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शिपायाला वास लागला असता.

पाऊसकाळ सरला तसा गोरा कायोंडोला घेऊन परत आला. दिवेलागणीला मुखियाच्या अंगणात चित्रं दाखवायला चादर बांधली, सगळ्या गावाला बोलावणं धाडलं. न जावं तरी संशय. लुबोवाच्या वाटणीची केळी पानात गुंडाळून तिनं चुलीवर ठेवली आणि गेली. बायका चटयांवर बसल्या. ही मात्र पळता यावं म्हणून मागे उभीच राहिली.

चादरीवर ती स्वतः आली. शेजारची नाबुकालू खिदळली, "बाई गं, तिथंसुद्धा कपाळाला आठ्या!"

गाव हसत होतं, तोच चादरीवर तिच्या पाठीमागची केळीची पानं बाजूला झाली. लुबोवानं हसत मान बाहेर काढली. हा मेला त्या दिवशी डबा बघायला आला होता!

थोरला भाऊ समोर आला की बहिणीनं गुडघे टेकायचे. चालायला लागल्यापासून ती तेच करत आली होती. डोक्यात काही यायच्या आत तिचे गुडघे जमिनीला लागले.

"बरे आहात ना, दादा?"

जळो ती जीभ! हसू थांबलं. बायकांनी माना खाली घातल्या. कायोंडोनं चादरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कोण दादा?"

नान्तेझा गुडघ्यांवरच होती. चादरीवर लुबोवा अजून हसत होता.